टक्का मतदारांचा की तारखेचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मतदानाचा टक्का घसरला की सुट्टी साधून लोणावळ्याला पळालेल्या मतदाराला झोडपायचं, ही आपल्या वाचकपत्रांची जुनी रीत. पुण्यात असताना मीही तशी दोन पत्रं लिहिली होती, त्यातलं एक छापूनही आलं होतं. अमेरिकेत टकोमा पार्क नावाच्या गावात बरीच वर्षं काढल्यावर ते पत्र आता परत घ्यावंसं वाटतं.

हे कागदोपत्री शहर. मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनच्या हद्दीला खेटून. वस्ती साडेसतरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एवढ्यात धड एक प्रभागही व्हायचा नाही. राजकीय कलाबद्दल विचारण्यासारखं फारसं काही नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत इथली दहापैकी नऊ मतं डेमोक्रॅटिक पक्षाला जातात. 1983 मध्ये या गावाने स्वतःला अण्वस्त्रमुक्त जाहीर केलं. लोक थट्टेने याला ‘टकोमा पार्कचं लोकप्रजासत्ताक’ म्हणतात आणि इथल्या रहिवाशांना ते मनातून आवडतं. घरांपुढच्या हिरवळीवर रोवलेल्या पाट्या वाचल्या तर इथला माणूस राजकारणाशिवाय घास घेत नसावा असं वाटेल. त्याच गावात 2013 च्या नगरपालिका निवडणुकीत नोंदलेल्या दहा मतदारांतला जेमतेम एक जण मत द्यायला गेला.

याला आळस म्हणावा, तर हीच माणसं अध्यक्ष निवडायच्या दिवशी थंडीत रांगा लावतात. खरी गोम तारखेत होती. 2017 पर्यंत नगरपालिकेची निवडणूक विषम वर्षाच्या नोव्हेंबरात व्हायची, म्हणजे अध्यक्ष, राज्याचा गव्हर्नर, काँग्रेस म्हणजे इथली संसद, यांपैकी कुणाचीच निवडणूक नसते तेव्हा. टीव्हीवर शब्द नाही, दारावर कुणी येत नाही. महापौर आणि सहा वॉर्डांचे सहा सदस्य पक्षाच्या चिन्हाविना लढतात आणि वॉर्डात अनेकदा एकच उमेदवार असतो. शेवटी गावाने तारीखच हलवली. 2017 मध्ये निवडून आलेल्यांना तीन वर्षं दिली आणि पुढची निवडणूक 2020 मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला जोडून घेतली. मतदान कितीतरी पटीने वाढलं. करोनामुळे मतपत्रिका टपालाने घरी आल्या होत्या, त्याचाही हातभार लागला, हे मान्य. पण माणसं तीच होती आणि त्यांचा कलही तोच.

यावर एक आक्षेप इथे कायम ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. मोठ्या निवडणुकीच्या गदारोळात गावचे प्रश्न बुडतात. इथे 1981 पासून घरभाड्यावर नियंत्रण आहे आणि आपल्याच अंगणातलं मोठं झाड तोडायलाही पालिकेची परवानगी लागते. अशा गोष्टींवर मत बनवायला निवांतपणा हवा, म्हणून विषम वर्षच बरं, असं म्हणणारे बहुतेक जण स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात. गावातली जवळपास निम्मी घरं भाड्याची आहेत. दोन नोकऱ्या करणारा भाडेकरू त्या निवांत नोव्हेंबरात फिरकत नसे आणि त्याच्या भाड्याचा निर्णय इतर घेत. मला ही व्यवस्था कधीच पटली नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. 1991 मध्ये या गावाने कौल घेतला की इथे राहणाऱ्या बिगर-नागरिकांना पालिकेत मत द्यावं का. शंभराहूनही कमी मतांच्या फरकाने तो ‘हो’ असा आला आणि 1992 पासून ग्रीन कार्डवाले, व्हिसावाले, सगळेच पालिकेसाठी मत देऊ शकतात. मलाही हक्क होता. तरी पहिल्या दोन निवडणुकांत मी घरीच बसलो. कारण नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न असे: तुम्ही कधी अमेरिकेतल्या कुठल्या निवडणुकीत नोंदणी केली होती का? देशपातळीच्या निवडणुकीत बिगर-नागरिकाने मत देणं हा गुन्हा आहे. पालिकेचं मत कायदेशीर असलं, तरी त्या रकान्यात ‘हो’ लिहायला कुणाचा हात धजावणार? अर्जाच्या नव्या आवृत्तीत आता असं मत चालतं अशी टीप आहे, पण ती आली 2024 मध्ये. तोवर माझ्यासारख्यांची गणना ‘उदासीन’ या खात्यात होऊन गेली.

याच गावाने 2013 मध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पालिकेत मताधिकार दिला. देशात असं करणारं हे पहिलं शहर. तेव्हा बरेच हसले. त्या वर्षी नोंदणी केलेल्या या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांनी मत दिलं. आकडा छोटा होता, नोंदणीच थोड्यांनी केली होती, पण दहातल्या एकाशी ताडून बघा.

जिथे कल एकतर्फी, तिथे खरी झुंज पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत होते. मेरीलँडमध्ये तिथे फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांनाच मत देता येतं आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, निवडणुकीच्या वर्षी ती येते ऐन उन्हाळ्यात, शाळांच्या सुट्टीत. आमच्या माँटगोमरी काउंटीची लोकसंख्या दहा लाखांवर. तिचे प्रमुख मार्क एलरिच आमच्याच गावचे, पूर्वीचे पालिका सदस्य. 2018 मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक 77 मतांनी जिंकले. 2022 मध्ये सुमारे 1 लाख 40 हजार मतं पडली आणि फेरमोजणीनंतर फरक उरला 32 मतांचा. माझ्या गल्लीतली समुद्रकिनारी गेलेली कुटुंबं मोजली तरी एवढी मतं भरतील. नोव्हेंबरातली निवडणूक मग नुसता उपचार होता.

तेव्हा एक विनंती. यापुढे टक्का छापाल, तेव्हा शेजारी एवढंही छापा: मागची निवडणूक मुदतीत झाली होती की प्रशासक बसवून वर्षानुवर्षं लांबली होती, मतदानाचा वार कोणता होता, किती प्रभागांत लढतच नव्हती आणि किती जणांची नावं यादीतून गळाली होती. मुंबईत महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर मतदाराने किती काळ वाट पाहिली हेही त्या चौकटीत येऊ द्या. लोणावळ्याला गेलेल्यांचा समाचार त्यानंतर खुशाल घ्या.

आपला एक जुना वाचक,
टकोमा पार्क, मेरीलँड