बेसबॉलचा गेम तीन फ्रेममध्ये ठरतो

संपादक महोदय,

बेसबॉलच्या व्हिडिओ गेमबद्दल लिहिले जाते तेव्हा खेळाडूंचे हुबेहूब चेहरे आणि स्टेडियमची रोषणाई यांचेच कौतुक होते. समाधान मिळते की नाही, हे मात्र पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटल्यावरच्या अर्ध्या सेकंदात ठरते. त्या अर्ध्या सेकंदाकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत (जिच्या बाजूला बॅटर उभा राहतो) अंतर ६० फूट ६ इंच. पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे उरतात सुमारे ५५ फूट. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल ते साधारण ०.४१ सेकंदात कापतो. हाताची तीच हालचाल करून टाकलेला ८५ मैलांचा चेंजअप (मुद्दाम संथ टाकलेला चेंडू) ०.४६ सेकंदात. फरक पाच शतांश सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (स्थिर चित्रे) दाखवणाऱ्या गेममध्ये अवघ्या तीन फ्रेम! बॅटरला चकवण्याची सारी गंमत तेवढ्यात आहे. टीव्हीचा ‘गेम मोड’ (चित्र दिसण्यातला उशीर कमी करणारी सोय) बंद असेल, तर चित्र सहज तेवढे किंवा त्याहून जास्त मागे पडते आणि खेळणारा उगाच स्वतःला दोष देतो. तो मोड आधी सुरू करावाच. पण हा उशीर मोजून भरून काढण्याची सोय गेममध्येही हवी.

बॅट हुकली तर का हुकली, हे कळले पाहिजे. चांगल्या गेममध्ये ते चेंडूच सांगतो. उजव्या हाताच्या बॅटरने घाई केली तर फटका तिसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे), म्हणजे डावीकडे; उशीर केला तर पहिल्याकडे, म्हणजे उजवीकडे. बॅट चेंडूच्या माथ्यावर लागली तर चेंडू सरपटत जातो, पोटाखाली लागली तर उंच उडतो. जोरदार फटका कधी थेट फिल्डरच्या हातात जाईल, तेवढे नशीब चालेल. पण प्रत्येक फटक्याची दिशा गेमने आतल्या आत फासे टाकून ठरवली, तर बटण नेमक्या क्षणी दाबण्याला अर्थच उरत नाही. चेंडूची फिरकीही डोळ्यांना दिसावी. स्लायडरच्या (शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूच्या) शिवणीमुळे दिसणारा लाल ठिपका खरे बॅटर शोधतात, तो पडद्यावर का नसावा?

फिल्डिंगमध्ये एकच आकडा सांभाळला तरी पुष्कळ. होम प्लेटपासून पहिला बेस ९० फुटांवर आहे आणि अव्वल दर्जाच्या खेळात साधारण बॅटर तिथे सुमारे ४.३ सेकंदांत पोहोचतो. गेममध्ये तो अर्धा सेकंद आधी पोहोचू लागला, की प्रत्येक मऊ सरपटी चेंडूवर बेस मिळतो आणि लोक नुसते बंट करत (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवत) सुटतात.

सगळ्यात दुबळा असतो तो संगणकाचा बॅटर. तीन बॉल-एक स्ट्राइक असताना (चौथ्या बॉलला, म्हणजे चुकीच्या चेंडूला, बॅटरला फुकट बेस मिळतो; तिसऱ्या स्ट्राइकला तो बाद होतो) त्याने फास्टबॉलची वाट पाहावी, आणि दोन स्ट्राइक पडल्यावर कडेचे चेंडू फाऊल करत (रेषेबाहेर मारत) तग धरावा. एका स्थितीत आणि दुसऱ्या स्थितीत तो सारखाच खेळत असेल, तर पिचिंगमध्ये डोके लढवायला जागाच राहत नाही. परीक्षण लिहिणाऱ्यांनी एक सोपी चाचणी करावी: एकाच बॅटरला प्रत्येक वेळी बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात तोच स्लायडर टाकत राहावे. तिसऱ्या खेपेलाही तो तसाच बॅट फिरवून बाद झाला, तर परीक्षणात चेहऱ्यांच्या आधी हे लिहावे.

आपला,
एक वाचक