सुरी कुठून आली, हेही लिहा

महोदय,

स्लॅशर भयपटांतल्या, म्हणजे खुनी एकेकाला हत्याराने मारत सुटतो अशा चित्रपटांतल्या, सुऱ्या-कुऱ्हाडी म्हणजे रक्ताचा सोस भागवण्याची सोय, असे या चित्रपटांवरच्या लेखांत वारंवार वाचायला मिळते. आम्हाला ते पटत नाही. या प्रकाराचा पाया घालणारे चित्रपट नीट पाहिले तर आधी हत्यार आणि जागा यांचा मेळ घातलेला दिसतो. रक्त नंतर येते, कित्येकदा फारसे येतही नाही.

जॉन कार्पेंटरचा ‘हॅलोवीन’ (१९७८) घ्या. सुरुवातीलाच कॅमेरा पुढे खुनी ठरणाऱ्या सहा वर्षांच्या मायकलच्या नजरेतून स्वयंपाकघरात शिरतो. ड्रॉवर उघडतो, हात मोठी सुरी उचलतो आणि जिन्याकडे वळतो. हत्यार कुठून आले हे प्रेक्षकाने स्वतः पाहिलेले असते. शेवटाकडे नायिका लॉरी विणकामाची सुई मायकलच्या मानेत खुपसते, कपाटात अडकल्यावर तारेचा हँगर सरळ करून त्याच्या डोळ्यात घालते आणि मग त्याच्याच हातून पडलेली सुरी उचलते. घरातली वस्तू मारणाऱ्याला सापडते तशी जीव वाचवणाऱ्यालाही सापडते. पिस्तुलाने हे साधत नाही, कारण ते लांबूनच काम उरकते आणि पाठलाग, दाराशी झटापट, लपणे यांना जागाच उरत नाही. याच चित्रपटात मायकलचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लूमिस सहा गोळ्या झाडतात, मायकल वरच्या मजल्यावरून खाली पडतो आणि तरीही नाहीसा होतो. अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात मारणारा आणि बळी यांना जवळ आणणाऱ्या हत्यारांचा मुद्दा मांडला होता. तो बरोबरच आहे, पण हाताशी असणे हे कारण आम्हाला त्याहून मोठे वाटते.

‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ (१९७४) नावामुळे बदनाम आहे. प्रत्यक्षात करवतीने पडद्यावर एकाच पात्राचा जीव जातो. बाकीच्यांसाठी हातोडा आणि मांस टांगायचा आकडा आहे, कारण ते कुटुंब कत्तलखान्यात काम केलेले आहे. हत्यारावरून माणसांचा धंदा कळतो. असा मेळ पुढच्या फार थोड्या चित्रपटांना जमला.

‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) मध्ये शिबिरातली कुऱ्हाड, बाण, मॅशेटी (लांब पात्याचा कोयता) असे जे हाती येईल ते वापरले होते. पुढच्या भागांत मॅशेटी खुनी जेसनची ओळखखूण झाली. १९८१ च्या ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’मध्ये खाणकामगाराची कुदळ आली, १९८२ च्या ‘द स्लंबर पार्टी मॅसॅकर’मध्ये ड्रिल आले. एक खुनी, एक अवजार आणि तेच पोस्टरवर, असा हा रिवाज पक्का झाला. कथा सारख्याच असल्याने अवजारावरून चित्रपट ओळखला जाई.

अशी हत्यारे वापरण्याचे दुसरे कारण पैशाचे. ‘हॅलोवीन’ सुमारे ३ लाख डॉलरमध्ये झाला. सुरी दुकानात मिळते आणि तिची नक्कल सहज होते. एका सुरीच्या निदान तीन प्रती लागतात: जवळून दाखवायची खरी पण धार बोथट केलेली, भोसकल्यावर पाते मुठीत सरकणारी स्प्रिंगची, आणि अंगात घुसलेली दिसावी म्हणून शरीराच्या वळणानुसार पाते कापलेली. घोळ होतो तो स्प्रिंगच्या सुरीत. नकली रक्त साखरेच्या पाकासारखे असते. ते वाळले की पाते मुठीत अडकते आणि पुढच्या टेकला (त्याच दृश्याच्या पुढच्या चित्रणाला) सुरी खरोखर लागते. म्हणून प्रत्येक टेकनंतर ती कोमट पाण्याने धुवायची आणि कठीण पृष्ठभागावर दाबून पाहायची. रक्तासाठी कॉर्न सिरपमध्ये (मक्याच्या पाकात) लाल रंगाबरोबर थोडा पिवळाही घालतात, नाहीतर ते गुलाबी दिसते. ‘सायको’ (१९६०) कृष्णधवल असल्याने तिथे चॉकलेट सिरप चालले, आणि सुरीच्या वारांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून मिळवला.

‘फ्रायडे’त पलंगाखालून गळ्यात घुसणाऱ्या बाणासाठी मेकअप-इफेक्ट कलाकार टॉम सविनी यांनी नकली मान आणि छाती बनवली होती. खरे डोके तेवढे नटाचे, बाकी शरीर पलंगाखाली. ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा सहाय्यकाने ती तोंडात धरून फुंकली आणि दृश्य वाचले.

भयपटांची परीक्षणे लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की हत्यार कोणते यासोबत ते दृश्यात कुठून आले आणि दुसऱ्या कुणाला उचलता येत होते का, हेही लिहावे.

– चित्रपटांच्या कलाविभागातील काही तंत्रज्ञ, मुंबई