फ्लॅश बिघडलेले ग्राफिक्स कार्ड भंगारात घालू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून चलन मिळवणे) बंद झाले आणि त्या कामात राबलेली एएमडीची आरएक्स ४७०, ५७०, ५८० ही कार्डे जुन्या मालाच्या बाजारात आली. सोलापुरात ती विद्यार्थ्यांच्या पीसीत दिसतात, लग्नाचे व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडे दिसतात, टॉवेल-चादरीची डिझाइन काढणाऱ्यांकडेही दिसतात. अनेकांत मायनिंगसाठी बदललेले बायोस (कार्ड सुरू करणारा आतला प्रोग्राम) तसेच राहिलेले असते. ते पुन्हा लिहून, म्हणजे फ्लॅश करून, मूळपदावर आणायला कोणी बसते, मधेच वीज जाते किंवा भलतीच फाइल लिहिली जाते, पडदा काळा पडतो आणि ‘कार्ड गेलं’ असा निकाल लागतो. मग ते भंगाराच्या भावाने जाते किंवा कोणी त्याच्यावर हॉट एअर (गरम हवेची गन) मारून खरोखरच मारून टाकतो. बायोस बिघडलेले कार्ड बहुतेक वेळा परत येते, आणि ते काम सोलापुरातच होऊ शकते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

कार्डाचे बायोस जीपीयूच्या, म्हणजे मुख्य चिपच्या, आत नसते. बोर्डावर आठ पायांची एक छोटी फ्लॅश चिप असते, तिच्यात ते लिहिलेले असते. फ्लॅश फसला म्हणजे या चिपमधला मजकूर बिघडला. जीपीयू, मेमरी, वीजपुरवठ्याचा भाग यांना धक्का लागलेला नसतो. म्हणून गरम करून, रीबॉल करून (चिपखालचे सोल्डर बदलून) काही साधत नाही.

दोष खरोखर बायोसचा आहे का, हे आधी ठरवावे. सहा किंवा आठ पिनची पॉवर केबल नीट बसली आहे का, स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आहे का, दुसऱ्या पीसीत कार्ड चालते का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. आपल्याकडे लूमच्या सुताची तूस हीटसिंकच्या पंखांत घट्ट बसते. कार्ड तापून बंद पडते आणि दोष मात्र बायोसच्या माथी येतो. आणखी दोन फसवी लक्षणे आहेत. चित्र येते पण एएमडीचा ड्रायव्हर लागत नाही आणि रिझोल्यूशन कमीच राहते, तेव्हा बहुधा बदललेल्या बायोसची डिजिटल सही ड्रायव्हरला पटलेली नसते. तिथे मूळ बायोस परत लिहिले की भागते. दुसरे असे, की ज्या बायोसमध्ये यूईएफआयचा (पीसी सुरू करण्याच्या नव्या पद्धतीचा) भाग नाही ते सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद असलेल्या मदरबोर्डावर काळा पडदाच दाखवते. तेच कार्ड जुन्या बोर्डावर सुरळीत चालते.

आता दुरुस्ती. कार्डावर दोन बायोसचा स्विच असेल तर काम सर्वांत सोपे. पीसी बंद करून स्विच चांगल्या बाजूला करा, विंडोज सुरू होऊ द्या, चालू असतानाच स्विच बिघडलेल्या बाजूला सरकवा आणि मग फ्लॅश करा. फ्लॅशआधी स्विच सरकवायला विसरलात तर चांगले बायोसही पुसले जाईल, एवढे ध्यानात ठेवा.

स्विच नसेल तर पडदा दुसरीकडून मिळवावा लागतो, म्हणजे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर किंवा दुसऱ्या कार्डावर. इंटेलच्या एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, तेव्हा आधी तेवढे बघून घ्या. मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये पहिला डिस्प्ले आतल्या ग्राफिक्सवर ठेवा. बिघडलेले कार्ड पीसीआय यादीत दिसत असेल (एएमडीचा क्रमांक १००२, एनव्हिडियाचा १०डीई) तर सॉफ्टवेअरनेच काम होते. एएमडीसाठी एएमडीव्हीबीफ्लॅश हे बायोस लिहिणारे सॉफ्टवेअर प्रशासक म्हणून चालवा. आधी अ‍ॅडाप्टरची यादी काढा, चिपमध्ये आता जे काही आहे ते फाइलमध्ये उतरवून ठेवा, मग रॉम अनलॉक करून नवी फाइल लिहा. एनव्हिडियाला एनव्हीफ्लॅश लागते. त्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल करा आणि राइट प्रोटेक्शन काढा. सबसिस्टम क्रमांक (कार्ड नेमके कोणत्या कंपनीचे, कोणत्या मॉडेलचे ते सांगणारा) जुळत नाही असा इशारा आला तर तिथेच थांबा. तो इशारा ओलांडायचा पर्याय न वाचता दाबणे हेच अनेक बिघाडांचे मूळ आहे. जीटीएक्स १००० मालिकेपासून पुढच्या कार्डांत सही नसलेले बदललेले बायोस चालत नाही, त्यामुळे तिथे मूळ फाइलच शोधायची.

कार्ड लावल्यावर पीसी पोस्टच (सुरू होतानाची स्वतपासणी) करत नसेल, तर एएमडीवर बहुतेकदा पिन एक आणि आठ जोडण्याची युक्ती चालते. चिपवर ठिपका असतो ती पहिली पिन, म्हणजे चिप सिलेक्ट. तिच्या अगदी समोरची आठवी, म्हणजे पुरवठा. दोन्ही जोडल्या की चिप निवडलीच जात नाही आणि कार्ड खराब बायोस न वाचता उठते. विंडोज आले की जोडणी काढायची आणि मगच फ्लॅश करायचे. जोड राहिला तर लिहिणारी आज्ञाही चिपपर्यंत पोचणार नाही. चौथी पिन ग्राउंड आहे, तिच्याकडे टोक घसरले तर पुरवठा शॉर्ट होतो. म्हणून बारीक चिमटा किंवा पातळ वायर वापरा आणि हात टेकवून काम करा.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप थेट वाचणारे-लिहिणारे छोटे यंत्र) आणि आठ पायांची क्लिप. दोन्ही काहीशे रुपयांत मिळतात. कार्ड पीसीबाहेर काढून, कोणतीही पॉवर न लावता क्लिप बसवायची आणि तिची लाल वायर ठिपक्याच्या बाजूला ठेवायची. सगळ्यात आधी व्होल्टेज पाहा, कारण इथे चिप जळते आणि हे कोणी सांगत नाही. चिपवरचे नाव भिंगाने वाचा. विनबाँडच्या नावात क्षमतेनंतरच्या दोन अक्षरांतले दुसरे व्ही असेल तर ती तीन व्होल्टच्या वर्गातली, डब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. मॅक्रोनिक्सची एमएक्स२५एल तीनची, एमएक्स२५यू १.८ ची. गिगाडिव्हाइसची जीडी२५क्यू तीनची, जीडी२५एलक्यू १.८ ची. नव्या कार्डांपैकी बऱ्याच जणांवर १.८ च्या चिपा आहेत आणि त्यांना मधे १.८ व्होल्टचे अ‍ॅडाप्टर लावल्याशिवाय हात लावू नये. स्वस्तातल्या काळ्या सीएच३४१ए बोर्डाचा आणखी एक दोष आहे. तो पुरवठा ३.३ व्होल्टचा देतो, पण डेटाच्या वायरींवर ५ व्होल्ट सोडतो. व्होल्टेज निवडता येणारा बोर्ड घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत.

नावातला आकडा क्षमता सांगतो: २० म्हणजे २ मेगाबिट, ४० म्हणजे ४ मेगाबिट (५१२ केबी), ८० म्हणजे ८ मेगाबिट (१ एमबी). चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर क्लिप नीट बसलेली नाही किंवा प्रोग्रामरची वीज बोर्डाच्या बाकी भागात वाहून जाते आहे. क्लिप पुन्हा बसवूनही तसेच झाले तर चिप फ्लक्स लावून काढावी आणि बाहेर वाचावी. ते काम ज्याला हॉट एअर हाताळता येतो त्यानेच करावे. पहिले वाचन बिघडलेले असले तरी सांभाळून ठेवा. एनव्हिडियाच्या चिपमध्ये बायोसपलीकडे कार्डाची स्वतःची माहितीही असते आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलमध्ये ती नसते. मग क्रम असा: चिप पुसा, रिकामी झाली का तपासा, लिहा, पडताळणी करा. २५६ केबीची फाइल ५१२ केबीच्या चिपवर लिहायची असेल तर उरलेली जागा एफएफ या रिकाम्या जागेच्या खुणेने भरा आणि सुरुवात शून्यापासून करा.

फाइल कोणती, हा सर्वांत अवघड प्रश्न, आणि घाई इथेच नडते. टेकपॉवरअप या संकेतस्थळाच्या बायोस-संग्रहात एकाच नावाच्या कार्डाच्या कितीतरी फाइली आहेत. बोर्डामागच्या स्टिकरवरचा पार्ट क्रमांक, मेमरीचे आकारमान (४ की ८ जीबी) आणि मेमरीचा निर्माता, ही तिन्ही जुळली पाहिजेत. मेमरीच्या चिपा हीटसिंक काढून वाचता येतात: के४जी म्हणजे सॅमसंग, एच५जी म्हणजे हायनिक्स, डी९ म्हणजे मायक्रॉन. कार्ड चालू असताना जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअरही हे दाखवते. दुसऱ्या मेमरीचे टायमिंग लिहिले तर पडद्यावर चौकोन-पट्टे येतात किंवा अजिबात काही येत नाही. दुसऱ्या बोर्डाची फाइल घेतली तर एखादा एचडीएमआय पोर्ट मुका होतो, पंखे वेडेवाकडे फिरतात. आरएक्स ५८० नावाची दोन कार्डे मिळतात, एकात २३०४ शेडर (जीपीयूतले गणना करणारे घटक) आणि दुसऱ्यात २०४८. त्यांच्या फाइली अदलाबदल करू नका. उतरवलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या साधनात) उघडून पाहा. एएमडीच्या फाइलची सुरुवात ५५ एए अशी असते आणि पुढे एटमबायोस हे नाव व ११३ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. एनव्हिडियाच्या काही फाइलींत आधी एनव्हीजीआयचा मथळा असतो, ५५ एए नंतर येते. सगळीकडे शून्य किंवा एफएफच दिसत असेल तर ती फाइल टाकून द्या.

लिहून झाले की पीसी पूर्ण बंद करून, सॉकेटची वीज काढून पुन्हा सुरू करा. जुना ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या साधनाने साफ करून नवा टाका. उन्हाळ्यात दुपारी वीज ये-जा करते, तेव्हा फ्लॅशिंगचे काम यूपीएसशिवाय कोणी करू नये.

जुने कार्ड विकणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना विनंती, की प्रत्येक कार्डाचे बायोस विकण्याआधी उतरवून ती फाइल गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर द्यावी. काम दोन मिनिटांचे आहे. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळांत प्रोग्रामर आणि भिंग असते. आठवड्यातली एक दुपार त्यांनी अशा कार्डांसाठी ठेवावी, मुलांना डेटाशीट वाचायचा खरा सराव होईल. आणि ज्यांचे कार्ड बिघडले आहे त्यांनी दुरुस्तीला येताना लिहिलेली फाइल, वापरलेल्या साधनाचे नाव, पडद्यावर आलेल्या संदेशाचा फोटो आणि कार्डामागच्या स्टिकरचा फोटो सोबत आणावा. हीटसिंक उघडले असेल तर तेही सांगावे.

आपले,
ग्राफिक्स कार्ड दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ,
सोलापूर