उद्यमचा कागद म्हणजे जागेची परवानगी नव्हे

मा. संपादक,
स. न.

सिडको-सातपूरपासून पंचवटीपर्यंत घरातून पापड-मसाले, शिवणकाम किंवा केक सुरू करणारे आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची केंद्र सरकारी नोंदणी) करतात, दुकाने अधिनियमाची पावती काढतात, खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक घेतात आणि सगळे कागद झाले म्हणून मोकळे होतात. त्या घरात तो धंदा चालेल का, हे यातला एकही कागद सांगत नाही. ते ठरते कुठल्या जागेचा कसा वापर करता येईल हे सांगणाऱ्या, राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीवरून.

रहिवासी विभागात परंपरागत घरगुती व्यवसायाला मुभा आहे. मात्र काम घरच्याच माणसांनी करायचे, पगारी माणूस ठेवायचा नाही आणि यंत्रशक्ती वापरली तर विजेचा एकूण भार ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्तीच्या आत हवा. साधी घरघंटी यात जेमतेम बसते. मिरची-हळदीसाठी दोन-तीन अश्वशक्तीचा पल्व्हरायझर (दळण्याचे यंत्र) आणला की अट मोडली. केकच्या ओव्हनला मोटार नसते, पण शब्द ‘एकूण भार’ असा असल्याने दोन हजार वॉटचा ओव्हनही वादात सापडू शकतो. महापालिकेने यावर स्पष्ट परिपत्रक काढावे.

खरी विसंगती पगारी माणसाच्या अटीत आहे. उन्हाळ्यात पापड लाटायला रोजाने दोन बायका बोलावल्या, तर दुकाने अधिनियमाला नुसती सूचना पुरते. या नियमावलीत मात्र तो व्यवसाय घरगुती राहतच नाही. गोंगाट नाही, धूर नाही, गाड्यांची गर्दी नाही, तरी बेकायदा! डॉक्टर, वकील, सीए यांना त्याच इमारतीत राहत असल्यास ५० चौ.मी.पर्यंत जागा वापरता येते (डॉक्टरांना फक्त बाह्यरुग्ण तपासणीसाठी). मग लाटणाऱ्या दोघींचेच वावडे का? नियमावली राज्याची असल्याने ही दुरुस्ती नगरविकास खात्यानेच करायला हवी.

विजेचे गणित वेगळे. घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० व मागील आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर चालतो. यात फ्रिज, गिझर, एसी सगळे धरले जाते, त्यामुळे मर्यादा नकळत ओलांडली जाते. अनधिकृत वापर ठरला तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. १४.२ किलोचे घरगुती सिलिंडरही धंद्याला चालत नाही. त्यासाठी १९ किलोचे व्यावसायिक घ्यावे लागते.

महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांत या अटींचा मराठी फलक लागला तरी पुष्कळांचे पैसे वाचतील. तोवर यंत्राची आगाऊ रक्कम देण्याआधी मोटारीवरच्या पाटीवरची अश्वशक्ती वाचावी आणि राजीव गांधी भवनातील नगररचना विभागातून आपल्या भूखंडाचा झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते याचा दाखला) काढावा. दाखल्यासोबत समोरच्या रस्त्याची विकास आराखड्यातली रुंदीही विचारून घ्यावी, कारण रुंद रस्त्यावरच्या भूखंडावर जास्त प्रकारच्या वापरांना परवानगी मिळते.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक