वंशावळ काढण्याआधी तक्ता भरावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विसाव्या शतकात मराठीत अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले आणि आता त्यांपैकी काहींच्या पुरवण्या व सुधारित आवृत्त्या निघत आहेत. अशाच एका घराण्याच्या समितीत मी काम करतो. या कामात असलेल्या आपल्या वाचकांसाठी माझी एक सूचना आहे. वंशावळीची आकृती हाताने मांडत बसू नये. माणसांचा तक्ता काटेकोरपणे भरावा आणि आकृती त्या तक्त्यावरून संगणकाच्या कोडने काढून घ्यावी.

आजही पुष्कळदा माहितीचे अर्ज गोळा होतात, कोणीतरी जाणकार त्यांवरून कागदावर वंशावळ जुळवतो आणि डीटीपी करणारी व्यक्ती एकेक चौकट व रेषा पडद्यावर बसवते. छपाईच्या तोंडावर एखाद्या शाखेचा पत्ता लागला, की पाच भावंडांमध्ये सहावे बसवण्यासाठी अख्खे पान सरकवावे लागते. त्या धांदलीत एखादी रेषा भलत्याच चौकटीला जोडली गेली तर एकाचा मुलगा त्याच्या भावाच्या नावावर जातो, आणि अर्ज व आकृती पुन्हा ताडून पाहण्याइतका वेळ कोणाजवळच उरलेला नसतो.

‘ग्राफव्हिझ’ ही एटी अँड टी या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या संशोधनशाळेत तयार झालेली, आज सर्वांना मोफत मिळणारी प्रणाली यासाठी फार उपयोगी आहे. तिची ‘डॉट’ नावाची भाषा इतकी सोपी आहे, की एका नात्यासाठी एक ओळ लिहायची, म्हणजे ‘बाजीराव’, मग बाण, मग ‘नानासाहेब’. चौकटी कोठे बसवायच्या आणि रेषा कशा वळवायच्या हे प्रणाली स्वतः ठरवते. या ओळीही हाताने लिहाव्या लागत नाहीत. ‘ईमॅक्स’ या टेक्स्ट एडिटरमधील ‘ऑर्ग’ पद्धतीत साध्या मजकुराच्या फाइलीतच उभ्या रेघांनी तक्ता आखता येतो, त्याला नाव देता येते आणि त्याच फाइलीत खाली कोडचा तुकडा ठेवता येतो. एक तुकडा तक्त्याची प्रत्येक ओळ वाचून डॉटच्या ओळी तयार करतो, दुसरा त्या ग्राफव्हिझकडे देतो. कंट्रोल-सी दोनदा दाबले, की नवी आकृती तयार होते. उशिरा सापडलेल्या शाखेसाठी तक्त्यात चार ओळी वाढवल्या, की काम झाले.

तक्त्यात काय असावे, हे पेशवे घराण्यावरून चांगले कळते. या एका घराण्यात दोन बाजीराव, दोन चिमाजी आणि दोन माधवराव आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत पाहता नुसत्या नावावरून माणूस ओळखणे अशक्य आहे, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक हवा आणि वडिलांच्या रकान्यातही नाव न लिहिता तो क्रमांकच लिहायला हवा. आईचा रकाना तितकाच आवश्यक आहे, कारण नानासाहेब व रघुनाथराव हे काशीबाईंचे पुत्र आणि समशेर बहाद्दर मस्तानीचा, हे त्याशिवाय आकृतीत दिसणार नाही. खरी कसोटी दत्तकाची आहे. रघुनाथरावांचे पुत्र चिमाजी हे नात्याने नानासाहेबांचे नातू सवाई माधवराव यांचे चुलत काका. पण सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी चिमाजींनाच दत्तक घेतले. म्हणजे काका पुतण्याचा मुलगा झाला! त्यांना बाळाजी विश्वनाथांपासून चौथ्या ओळीत बसवायचे की सहाव्या? तक्त्यात जनक वडील आणि दत्तक वडील असे दोन रकाने केले, की पहिल्या नात्याची रेषा सलग आणि दुसऱ्याची तुटक काढता येते. तुटक रेषेचा ‘कन्स्ट्रेंट’ हा गुण बंद ठेवला, की तिच्यावरून पिढीची ओळ ठरत नाही. चिमाजी चौथ्या ओळीतच राहतात आणि दत्तविधानही आकृतीत दिसते.

मला याहून मोलाची वाटणारी गोष्ट मुलींविषयीची आहे. जुन्या वंशावळींत बहुधा मुलीच्या नावापाशी रेषा थांबते, आणि त्याचे एक कारण जागेची अडचण असे सांगितले जाते. तक्त्यात मुलीची ओळ मुलाच्या ओळीइतकीच जागा घेते. तिच्या माहेरच्या व सासरच्या दोन्ही घराण्यांनी असे तक्ते ठेवले आणि तिचे दोन क्रमांक एकमेकांशी जोडले, तर वंशवृक्षाचे नात्यांचे जाळे होते आणि कोणतीच बाजू तुटत नाही.

अडचणीही आहेत. डीटीपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली माहिती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणावी लागते, आणि ते रूपांतर डोळ्यांखालून घालावेच लागते, कारण जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. शके आणि इसवी सन यांचे रकाने वेगळे ठेवावेत. शेकडो माणसांची एकच आकृती वाचनीय होत नाही. एखादा मूळपुरुष निवडून त्याच्या खालच्या चार पिढ्याच काढायला कोडला सांगावे. मुलाचे जन्मवर्ष आईच्या आधीचे आहे का, वडिलांचा क्रमांक तक्त्यात मुळातच नाही का, हेही कोडकडून तपासून घ्यावे. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा छापील आकृतीत येऊ नयेत, आणि तो रकाना वगळणे एका ओळीचे काम आहे.

हे काम शिकवायला प्रत्येक घराण्यात संगणक शिकलेली एखादी नात किंवा नातू सापडेल. समित्यांनी त्यांना बोलवावे, आणि ग्रंथ छापून झाल्यावर तो तक्ता साध्या मजकुराच्या फाइलीत, कोडसह, पुढच्या समितीसाठी आणि एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी जपून द्यावा, ही विनंती.

आपला,
कुलवृत्तांत समितीचा एक सदस्य, पुणे