बाबांच्या सीटी स्कॅनचा हिशेब

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई काल फोनवर म्हणाली, "सीटी करून आले तसे यांना थेट न्हाणीत धाडलं, कपडे वेगळे भिजवले." अगं, मयतीहून आल्यासारखं? आत्याच्या बोन स्कॅननंतर तिला नातवापासून दूर राहायला सांगितलं होतं, तेच तुझ्या डोक्यात बसलंय. तिला किरणोत्सारी टेक्नेशियमचं इंजेक्शन दिलं होतं, ते दर सहा तासांनी निम्मं होत जातं. सीटीचं तसं नाही. दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसं मशीन थांबलं की किरणंही संपली. बाबांच्या अंगात काही शिल्लक नाही.

बाबा, तुम्ही म्हणता एका सीटीत शेकडो एक्स-रे. छातीच्या एक्स-रेशी तुलना केली तर आकडा खोटा नाही, पण नुसता तोच ऐकला तर माणूस घाबरणारच. तुमच्या रिपोर्टचा फोटो पाहिला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात डीएलपी ५४० लिहिलंय, म्हणजे त्या स्कॅनमध्ये मशीनने एकूण किती किरणं दिली त्याचा आकडा. पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणायचं, म्हणजे साधारण ८ मिलिसीव्हर्ट (शरीराला बसलेला किरणांचा डोस यात मोजतात). जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे सव्वातीन-साडेतीन वर्षांचं एकदम घेतलंत. १० मिलिसीव्हर्टमागे पुढे कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका २००० त एक असा अंदाज धरतात, तोही सगळ्या वयांचा मिळून. तो उमटायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून लहान मुलांना जास्त जपतो आम्ही. बहात्तराव्या वर्षी मूत्रनळीत अडकलेला खडा किडनी खराब करेल, ही भीती कितीतरी जवळची आहे.

मला खरा राग आहे तो गेल्या वर्षीच्या दुसऱ्या सीटीचा. पहिल्याची सीडी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात राहिली, ती मीच ठेवलेली, आणि नव्या डॉक्टरांनी पुन्हा करायला लावला. तेवढे किरण फुकट गेले. रोज छातीवर टीएलडी बॅज (आपल्याला किती किरणं लागली ते मोजणारा बिल्ला) लावून दुसऱ्यांचे स्कॅन करणारी मी, आणि घरच्याच माणसाची सीडी हरवली.

आता ऑपरेशनआधी परत सांगितलाय, तर लगेच नाही म्हणू नका. खडा जागा बदलतो, त्यामुळे ताजा लागू शकतो. एवढंच विचारा: "आधीचा चालेल का? नाहीतर लो डोस केयूबी होईल का?" म्हणजे किडनी, मूत्रनळी आणि मूत्राशयाचा कमी किरणांचा सीटी. खड्यासाठी तो बहुतेक वेळा पुरतो आणि किरणं निम्म्याहून कमी लागतात. ऑपरेशननंतर मात्र शक्यतो सोनोग्राफीवर भागवू, तिच्यात किरणं नसतातच. आणि आई, ते 'फुल बॉडी सीटी'चं पॅकेज घेऊ नकोस, तुला काहीही झालेलं नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. गादीखालच्या सगळ्या फिल्म्स, सीड्या तारखेप्रमाणे लावून ठेवा, मी पेन ड्राइव्ह आणते. आणि बाबा, पाणी प्या.

तुमची,
धाकटी