कानशीची नस्ती कोणी केली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे आयटीआयमध्ये जोडारी, म्हणजे फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झालो तरी शेजारपाजारची मुलं अजून शंका घेऊन येतात आणि मलाही ते बरं वाटतं. गेल्या आठवड्यात असाच पहिल्या वर्षाचा एक मुलगा संध्याकाळी आला. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला सराव प्रश्नसंच त्याने कागदावर छापून आणला होता. इंग्रजी प्रश्नांचं मराठी केलेलं होतं. त्यातला एक प्रश्न असा : 'नस्ती स्वच्छ करण्यासाठी काय वापरतात?' पर्याय होते कापड, नस्तीपत्र, पाणी आणि तेल. मुलाने 'कापड'वर खूण केली होती आणि मागच्या पानावरच्या उत्तराप्रमाणे ती चुकली होती.

तो म्हणाला, "सर, ऑफिसातल्या फायलीवर धूळ बसते, ती कापडानेच पुसणार ना?"

प्रश्न ऑफिसातल्या फायलीचा नव्हताच. तो कानशीचा होता, म्हणजे धातू घासायच्या अवजाराचा. तिलाही इंग्रजीत फाईलच म्हणतात. कानशीच्या दातांत धातूचा कीस अडकतो. तो काढायला बारीक तारांचा एक चपटा ब्रश असतो, त्याला इंग्रजीत 'फाईल कार्ड' म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने, किंवा करणाऱ्या यंत्राने, फाईलचं 'नस्ती' केलं आणि कार्डाचं 'पत्र'. तयार झालं 'नस्तीपत्र'. ज्या मुलाने त्याच दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये तो ब्रश फिरवून कानस साफ केली होती, ज्याच्या नखांतली काळी रेघ अजून धुऊन गेली नव्हती, त्याचा त्याच प्रश्नाला गुण गेला. मला याचं फार वाईट वाटलं. म्हणून हे पत्र.

फाईल या इंग्रजी शब्दाची गंमत मला स्वतःला नोकरी लागल्यावर कळली. संस्थेच्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. त्यात या शब्दाच्या डोक्यावर बारीक आकडे होते, १, २ असे. मला वाटलं अर्थांचे क्रमांक असतील. ग्रंथपालांनी समजावलं की हे अर्थांचे क्रमांक नव्हेत, हे वेगवेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण घराणी निराळी.

आमची फाईल, म्हणजे कानस, ही इंग्रजीची घरची लेक. जुन्या इंग्रजीत तिला 'फेओल' म्हणत. जर्मनमध्ये आजही कानशीला 'फायले' म्हणतात. कचेरीतली फाईल मात्र फ्रेंच घरातून आली आणि तिचं मूळ लॅटिनमधल्या 'फीलुम' शब्दात आहे. फीलुम म्हणजे धागा. पूर्वी तिकडचे कारकून कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून टांगून ठेवत. सोळाव्या शतकात त्या दोऱ्यालाच फाईल म्हणत. मग दोऱ्यात ओवलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला म्हणू लागले, मग गठ्ठा ठेवायच्या पुठ्ठ्याला. आता कागद नाही, दोरा नाही, पुठ्ठाही नाही आणि आपण मोबाइलवर फाईल पाठवतो.

ती मूळची फाईल मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात छताच्या वाशाला एक तार लोंबत असे, खालचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. शेठ बिल झालं की कागद त्या टोकावर खुपसून वर सरकवत. वर्षाअखेरीस त्या तारेवर हातभर लांब कागदांची माळ होई. मधोमध भोक पडलेले, कडा पिवळ्या पडलेले कागद. शब्दकोशात वाचलं तेव्हा ती तार डोळ्यांपुढे आली. शब्द कुठून आला हे त्या दिवसापासून मी कधी विसरलो नाही.

त्याच धाग्याचे पुढे कितीतरी पदर निघाले. एकामागे एक उभ्या राहिलेल्या सैनिकांची रांग म्हणजे फाईल, कारण रांग धाग्यासारखी लांब. विजेच्या जुन्या दिव्यातली तार म्हणजे फिलामेंट. आम्ही ड्रॉइंगच्या तासाला आतल्या कोपऱ्याच्या गोलाईला 'फिलेट' म्हणतो, तीही याच घरची, मूळ अर्थ बारीक धागा किंवा पट्टी. इंग्रजीत 'डिफाइल'चीही अशीच जोडी आहे. एका डिफाइलचा अर्थ विटाळणं, भ्रष्ट करणं. दुसरा म्हणजे खिंडीतली अरुंद वाट, जिथून फौजेला एकामागे एक, फायलीतच जावं लागतं. यांतही नातं काही नाही.

आणि एकदा हे बघायची सवय लागली की वर्कशॉपभर तेच दिसू लागतं. ज्या व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या शेगड्यात, आम्ही जॉब म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा धरतो, तो व्हाइस फ्रेंचमधल्या स्क्रूवाचक शब्दापासून आला आणि तो शब्द लॅटिनमधल्या द्राक्षवेलीच्या नावावरून. मी नाशिकचा. द्राक्षाच्या बागेत वेलीचा कोवळा ताणा तारेला कसा वेढे घेतो, एकाला एक चिकटून, अगदी स्क्रूच्या आट्यांसारखे, हे मला कुणी सांगायला नको. व्हाइस प्रिन्सिपलमधला व्हाइस मात्र दुसराच, त्याचा अर्थ 'च्या जागी'. दुर्गुणाला म्हणतात तो व्हाइस तिसरा, तो दोष या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. अमेरिकेत निदान आमच्या व्हाइसचं स्पेलिंग वेगळं लिहितात, तेवढी सोय आहे.

हे काही इंग्रजीतच होतं असं नाही. आपल्याकडे 'नाव' बघा. माणसाचं नाव संस्कृत नामपासून, पाण्यातली नाव नौपासून. मराठीत लिंगामुळे निभावतं. नाव बुडालं म्हटलं की बदनामी आणि नाव बुडाली म्हटलं की होडी. पण कानशीची फाईल आणि कागदांची फाईल, दोन्ही मराठीत येताना स्त्रीलिंगीच आल्या. 'फाईल आण' म्हटलं की कोणती ते माणूस कुठे उभा आहे यावरूनच कळतं. वर्कशॉपमध्ये उभा असेल तर कानस, कचेरीत असेल तर कागद. प्रश्नसंचाचं भाषांतर करणारा यांपैकी कुठेच उभा नव्हता.

'नस्ती' शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहितो. कागदांसाठी तो चांगला शब्द आहे आणि सरकारी मराठीत पक्का रुळलेला आहे. हिंदीत कागद जोडण्याला 'नत्थी करना' म्हणतात, ते 'नाथना' म्हणजे बैलाच्या नाकात दोरी ओवणे यावरून आलं. म्हणजे तिकडच्या कारकुनाला जे सुचलं तेच इकडेही सुचलं : भोक पाडायचं आणि दोरा ओवायचा. पण कानशीत दोरा कुठून येणार? कानस म्हणजे उच्च कार्बन पोलादाची पट्टी, तिच्या अंगावर तिरपे कापलेले दात. एकेरी दातांच्या कानशीवर ते मध्यरेषेशी ६० अंशांत असतात. ते पुढच्या बाजूला झुकलेले असतात, म्हणून कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना दाब सोडायचा, नाहीतर दात बोथट होतात. हे पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाचा हात हातात धरून शिकवलं आहे.

व्हाइसचा माथा कोपराच्या उंचीला हवा. डावा पाय पुढे. उजव्या तळव्यात मूठ, डाव्या हाताने टोकावर दाब. सुरुवातीला सगळ्यांचीच कानस होडीसारखी डुलते आणि जॉब मधे फुगतो. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून जॉब उजेडासमोर धरायचा. गुण्याचं पातं आणि धातू यांच्या फटीतून प्रकाश दिसतो, कडांना जास्त, मधे नाही. तो प्रकाश सगळीकडे सारखा बारीक होईपर्यंत घासत राहायचं. कितीतरी मुलं त्या काळात सोडून जायच्या गोष्टी करतात. जी टिकतात त्यांचा हात एके दिवशी अचानक सरळ चालू लागतो आणि आवाजसुद्धा बदलतो, खरखर जाऊन सलग सूर लागतो. लांब उभं राहून मी आवाजावरून सांगू शकत असे की कुणाला जमलं.

अशा मुलाच्या हातात आपण काय देतो? त्याच प्रश्नसंचात पुढे 'सपाट अनौरस नस्ती' असा शब्द होता. मुलाच्या आईने तो वाचून मला विचारलं, हे काय शिकवतात? फ्लॅट बास्टर्ड फाईल. कानशीच्या खरबरीतपणाच्या प्रती असतात : रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ, डेड स्मूथ. बास्टर्ड म्हणजे रफ आणि सेकंड कट यांच्या मधली, धड इकडची ना तिकडची, एवढाच तिथे अर्थ. शॉपमध्ये कुणीही तिचं भाषांतर करत नाही. 'बास्टर्ड कानस दे' म्हणतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. जो शब्द कारागीर जसा बोलतो तसाच ठेवायला हवा होता, तो बदलला. आणि जिथे कानस हा अस्सल मराठी शब्द गावच्या लोहारापासून शहरातल्या कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात आहे, तिथे नस्ती आणली.

मराठीतून तांत्रिक शिक्षण व्हावं असं मला मनापासून वाटतं. माझे कितीतरी विद्यार्थी इंग्रजी पुस्तकापुढे गप्प बसत आणि मराठीत सांगितलं की डोळे चमकत. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही व्यवसायांची मराठी नावं कुणीतरी विचार करून घडवली आहेत. तसाच विचार प्रश्नांच्या मराठीचाही व्हावा. भाषांतर माणसाने करो की यंत्राने, छापण्याआधी त्या व्यवसायाच्या एका निदेशकाने ते नजरेखालून घालावं. तासाभराचं काम आहे. माझ्यासारखे निवृत्त लोक पैसे न घेता करतील. मी आजच तयार आहे.

आपल्यालाही एक विनंती. आपल्या रविवारच्या अंकात शब्दांसाठी एक छोटा कोपरा असावा. त्यात रंधा, पटाशी, ओळंबा, थापी, गुण्या, कानस हे शब्द यावेत, आणि ते वापरणाऱ्या माणसांकडून लिहून घेतलेले असावेत.

त्या मुलाला मी पेन्सिल दिली आणि सगळा प्रश्नसंच पुन्हा वाचायला सांगितला. प्रत्येक 'नस्ती' खोडून त्याने वर 'कानस' लिहिलं. असं सहा ठिकाणी केलं. सातव्या ठिकाणी थांबला. तो प्रश्न संगणकाचा होता : 'नवीन नस्ती कशी उघडावी?' तो दोनदा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "सर, ही त्यांचीच आहे. राहू द्या."

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (जोडारी), नाशिक